रक्तदाब, मूत्रपिंडे आणि घराण्याचा वारसा

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरात केलेले भाषण)



"रक्तदाब आमच्या घराण्यातच आहे," असे म्हणून पुष्कळ जण स्वस्थ बसतात. हा वारसा खरा आहे. परंतु त्याचे बरेचसे कार्य मूत्रपिंडांतून चालते.

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक पाणी व मीठ रक्तात परत घेतात. मीठ गरजेपेक्षा अधिक राखले गेले, की पाणीही राहते आणि दाब चढतो. मीठ किती राखावयाचे, यावर अनेक जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो.

अमेरिकन शास्त्रज्ञ लुईस डाल यांनी उंदरांचे दोन वंश निपजविले. एकाचा रक्तदाब मिठाने वाढे, दुसऱ्याचा सहसा वाढत नसे. १९७०च्या दशकात त्यांनी मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तेव्हा रक्तदाबाचा कलही मूत्रपिंडाबरोबर गेला.

वाढलेला दाब मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतो आणि दुबळी मूत्रपिंडे दाब आणखी वाढवितात. हे दुष्टचक्र बहुधा लक्षणांवाचून चालते.

म्हणून आईवडिलांना वा भावंडांना हा विकार असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब नियमित मोजून घ्यावा. तो वाढलेला आढळल्यास लघवी व रक्तही तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविले आहे. लोणच्यापापडांतील मीठही त्यातच धरावे. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून थांबवू नयेत.

वारसा बदलता येत नाही. पण वेळीच तपासणी करणे आपल्या हाती आहे. ही गोष्ट आपण ग्रामसभेत व शाळेत अवश्य सांगावी.