चुन्याची भिंत

जेवणं आटोपली असतील, तर जरा बसा.

गडचांदूरहून चंद्रपूरला जाताना राजुरा सोडलं की वर्धा नदीचा पूल लागतो. पलीकडं बल्लारपूर. तिथं नदीकाठी गोंडराजांचा किल्ला आहे. त्या वाटेनं आपण दवाखान्याला जातो, महाकालीच्या यात्रेला जातो, पण किल्ल्यात कोण उतरतं? या खेपेला आम्ही गटातल्या सात जणी उतरलो.

आत राजवाडा होता. आता पडझड झालेल्या भिंती उरल्यात. गोंडराजांची गादी आधी सिरपूरला होती, म्हणजे आजच्या तेलंगणात. तिथून ती बल्लारपूरला आली. पुढं खांडक्या बल्लाळशहानं चंद्रपूर वसवलं. झरपटच्या पाण्यानं त्याच्या अंगावरच्या जखमा बऱ्या झाल्या आणि इथंच नगर वसवा असं राणीनं सुचवलं, अशी कथा सांगतात. शेवटचा राजा नीलकंठशहा. १७५१ साली नागपूरच्या भोसल्यांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला याच बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद केलं. हे ऐकून आमच्यातली म्हातारी म्हणाली, "घरच्याच घरात कोंडलं म्हणा की!" चंद्रपूरच्या राजवाड्याचंही तसंच झालं, तिथं तुरुंग झाला. त्याच तुरुंगाच्या आवारात २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली.

मी मात्र भिंतीच बघत होते. त्याला कारण आहे.

आमच्या गटाची बैठक एका जुन्या घराच्या ओसरीत होते. विटा-मातीची भिंत, वरून चुना. पोपडे निघाले म्हणून दोन वर्षांमागं आम्ही वर्गणी काढून सिमेंटचा गिलावा मारला. निर्णय माझाच होता. दुसऱ्या पावसाळ्यात तो फुगला आणि पडताना आतल्या विटाही घेऊन पडला.

जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढतेच. चुना ती बाहेर सोडतो. सिमेंट भिंतीचं तोंड बांधून टाकतं, मग ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. आपण सिमेंटच्या गावच्या, म्हणून आपल्याला सगळ्यावर एकच औषध ठाऊक. खरं तर चुना आणि सिमेंट दोन्ही चुनखडीच्याच दगडाचे. पण नव्या घराला जे चालतं ते जुन्याला चालेलच असं नाही.

दुसरा वैरी पिंपळ. रोप बोटाएवढं असतं तेव्हा कुणी बघत नाही, मग मुळं दगड फोडतात. चंद्रपूरच्या सुमारे ११ किलोमीटर परकोटावर असंच रान माजलं होतं. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी शेकडो दिवस राबून तो साफ केला. पण असल्या संरक्षित जागी पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय आपण काही उपटायचं नाही, लिंपायचं नाही. नावं कोरणाऱ्या पोरांना मात्र हटकायला कुणाची परवानगी लागत नाही. आम्ही दोघांना हटकलं.

आपल्या घरची भिंत आपल्या हातात आहे. मंगळवारी आम्ही ओसरीचं उरलेलं सिमेंट खरवडणार आहोत. कळीचा चुना भिजत घातलाय. पाण्यात टाकला की तो उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो, म्हणून पोरांना लांब ठेवलंय. यायचं असेल तर या. येताना एक घमेलं आणा, आमच्याकडं दोनच आहेत.