मुलांचे डॉक्टर व्हायचे आहे?
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



बालरोगतज्ज्ञ व्हायचे, असे दहावीतच सांगणारी मुलेमुली पुष्कळ भेटतात. पालकांना मी आधी वर्षांचा हिशेब सांगतो. बारावीनंतर 'नीट', मग एम. बी. बी. एस. ची साडेचार वर्षे, एक वर्ष इंटर्नशिप, पुन्हा प्रवेश परीक्षा आणि एम. डी. ची तीन वर्षे. कोठेही न अडता गेले तरी सत्ताविशी उजाडते. एम. डी. करताना विद्यावेतन मिळते, एवढाच दिलासा. 'नीट' मराठीतून देता येते, २०१८ पासून उर्दूतूनही. परंतु पुढील पुस्तके इंग्रजीच. म्हणून उर्दू शाळेतील मुलांनी विज्ञानाचे इंग्रजी शब्द आठवीपासूनच पाठ करावेत.

आता कामाविषयी. लहान बाळ आपले दुखणे सांगत नाही. ते पाहावे लागते आणि आईला विचारावे लागते. खोकला झालेल्या बाळाची छाती उघडी करून, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. यास यंत्र लागत नाही, सबुरी लागते. औषधाची मात्राही वजनावर ठरते. दशांश चिन्ह चुकले तर दसपट औषध पोटात जाते. गणित नावडते म्हणून डॉक्टरकीकडे वळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आले. तेव्हा बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरली व रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू चारच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आज तीच पुडी प्रत्येक आरोग्य केंद्रात असते, तरी जुलाब लागले की पाणी बंद करणारी घरे आहेतच. त्या घरातल्या आजीशी तिच्याच बोलीत बोलणारा डॉक्टर हवा.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मुलगी हुशार निघाली की एम. बी. बी. एस. पर्यंत घरचे आनंदाने शिकवतात आणि एम. डी. च्या वेळी "आता पुरे" म्हणतात. मुलगा असता तर म्हटले असते का? लग्न ठरवताना पुढील तीन वर्षांच्या शिक्षणाची अट मुलीच्या बापानेच बैठकीत मांडावी.

विद्यार्थ्यांचे प्रश्न असतील, ते आता घेऊ.