घरघर कोठून येते?



विज्ञान-प्रदर्शनासाठी मुलगा मायक्रोफोनचा अ‍ॅम्प्लिफायर जोडतो. आवाज मोठा होतो, पण त्यासोबत घरघरही येते. घरचे म्हणतात, "पैसे वाया गेले!" आणि सर्किट कपाटावर जाते.

मित्रहो, आधी कारण समजून घ्या. मायक्रोफोनचा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा. घरातील वीज मात्र सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि जवळच्या तारांत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण करते. अ‍ॅम्प्लिफायरला आपला-परका कळत नाही. तो दोन्ही वाढवतो.

उपाय स्वस्त आहेत. जाणाऱ्या व परतणाऱ्या तारांमधील मोकळी जागा जितकी मोठी, तितकी घरघर अधिक. म्हणून त्या एकमेकींना पिळा. टेलिफोनच्या तारांसाठी ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली याच युक्तीचे पेटंट घेतले होते. मायक्रोफोनसाठी शील्डची तार घ्या व तिची जाळी अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडा. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून दूर ठेवा. बोर्डावर इनपुटच्या वाटा आखूड आखा, उरलेले तांबे शक्य तितके सलग ग्राउंडसाठी राखा. आयसीच्या पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एका वेळी एकच बदल करा आणि कान देऊन ऐका. म्हणजे दोष कोठे होता ते कळेल.

पालकहो, मुलगा असो वा मुलगी, पहिल्या घरघरीला अपयश म्हणू नका. ती कोठून येते हे शोधण्यातच त्यांचे खरे शिक्षण आहे. कपाटावरचे ते सर्किट आज खाली काढू द्या. अल्लाह त्यांच्या इल्ममध्ये बरकत देवो.