गाणे आणि गाण्यानंतरची शांतता



१९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. माडगूळकरांची ५६ गीते. पण आठवड्यास नवे गीत एकच! ते मग आठवडाभर मनात घोळत राही.

आज शिरूरहून दौंडला येताना पाहावे, तो निम्म्या प्रवाशांच्या कानांत अखंड गाणे. सुराने उभारी येते, हात भराभर चालतात, हे खरेच. परंतु गाण्याचे शब्द कानी पडत असता पोथीची ओळ दोनदा वाचावी लागते.

यजमान गेल्यावर घर खायला उठे, म्हणून मी दिवसभर भजने लावून ठेवी. दिवस सरत, पण रडू येईना, नामही ओठी येईना. एके दिवशी वीज गेली, यंत्र थांबले आणि मी प्रथमच पोटभर रडले. मग हरिपाठ म्हटला, माझ्याच बेसूर आवाजात.

तुकोबांची पालखी यवत-वरवंडला मुक्कामी येते. तेथेही काकडा पहाटे, हरिपाठ सायंकाळी. वारकऱ्यांनी वेळा नेमल्या, त्या उगीच नव्हेत.

आपल्या मंगळवारच्या भजनानंतर पाच मिनिटे कोणी बोलू नये, एवढे करून पाहू. चहा त्यानंतर!