तारेचं विणकाम आणि आपला गट

आज मी भांडी घासायची तारेची घासणी घेऊनच बोलायला बसले आहे. बाजारात हिचे दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे नुसत्या कुरळ्या पट्टीचा गुंता. दुसरी ओढली की मोज्यासारखी लांब होते, ती विणलेली. स्वेटरमध्ये टाक्यात टाका अडकतो, तशी तार तारेत अडकवून गोल मशीनवर ही नळी विणतात. चाळणीच्या जाळीत तारा उभ्या-आडव्या असतात, लुगड्याच्या सुतासारख्या, म्हणून ती ताणत नाही. विणलेली जाळी दाबली तरी पुन्हा फुलते. या गुणामुळेच तिला कारखान्यांत मागणी आहे.

आपल्या ओळखीचं उदाहरण साखर कारखान्याचं. रस आटवताना वाफेबरोबर रसाचे बारीक थेंब वर उडतात, आमटीचे झाकणाला लागतात तसे. ते वाफेबरोबर गेले तर साखर वाया जाते, आणि वाफेचं पाणी गोड झालं तर ते बॉयलरला चालत नाही. म्हणून वाफेच्या वाटेत विणलेल्या जाळीची गादी बसवतात. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टेनलेस तार, थरावर थर, चार ते सहा इंच. त्यात 97 टक्क्यांच्या आसपास जागा मोकळीच असते. वाफ निघून जाते, थेंब तारेला आपटतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि खाली पडतात.

हे सगळं मी का शोधत बसले? आमच्या गटाकडे एकजण आला होता. म्हणाला, "मशीन घ्या, घासण्या विणा, सगळा माल आम्ही परत घेऊ. पुढं कारखान्यांची जाळीही विणाल. महिलांना 35 टक्के अनुदान आहे." अनुदानाचं खरं आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के मिळतात, स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात. पण ती रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू आहे हे तपासून मग कर्जात वळती होते. तोवर हप्ता आपणच भरायचा.

बायका खूश होत्या, मीसुद्धा. आमच्या सचिव ताईंनी मात्र कागद मागितला. त्यात लिहिलं होतं, "पसंत पडलेला माल घेऊ." आणि तार त्याच्याकडूनच घ्यायची. म्हणजे तार त्याची, भाव त्याचा, पसंतीही त्याची.

मग त्याचा नमुना मिठाच्या पाण्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी गंज. (चुंबकाला चिकटली म्हणून घासणी नकली ठरत नाही बरं का, स्टेनलेसचे काही प्रकार चिकटतात.) कारखान्याची जाळी तर दूरच. तिथं धातूचं प्रमाणपत्र लागतं, मापात फरक चालत नाही.

आम्ही त्याला तीन गोष्टी लिहून मागितल्या: माल नाकारायची कारणं, पैसे किती दिवसांत, आणि मशीन बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार. "विचारून सांगतो" म्हणाला. दोन महिने झाले, फोन नाही. आगाऊ रक्कम आम्ही दिलेली नाही, बचत खात्यातच आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही चौघी बारामतीच्या एमआयडीसीत तारेचं काम कुठं चालतं ते बघायला जाणार आहोत. घासण्या कापायचं, दुमडायचं, पाकिटं भरायचं काम मजुरीवर मिळतं का, एवढंच आधी विचारायचं आहे. सोबत यायचं असेल तर आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्या.