पिकविकसाहेबांची सोबत

मन खिन्न असले म्हणजे माणसाने काय वाचावे, या प्रश्नाला आपल्याकडील वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : ज्ञानेश्वरी वाचा, दासबोध वाचा. उत्तर थोरच आहे. परंतु ज्याचे चित्त चार ओळींवर ठरत नाही त्याच्या हाती तो ग्रंथ देणे म्हणजे तापातून उठलेल्यास पुरणपोळी वाढण्यासारखे होय. त्याला आधी पेज हवी. अशा वेळी मी चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’चे नाव सुचवितो.

१८३६ च्या मार्चअखेरीस या कादंबरीचा पहिला मासिक भाग निघाला, तेव्हा डिकन्स अवघा चोवीस वर्षांचा होता. प्रारंभी तिला फारसे कोणी विचारले नाही. चौथ्या भागात सॅम वेलर हा बूट पुसणारा गडी अवतरला आणि शेवटी शेवटी प्रत्येक भागाच्या चाळीस हजार प्रती खपू लागल्या.

कथानक म्हणावे तर जवळजवळ नाहीच. एक स्थूल, टकले, चष्मा लावणारे सद्गृहस्थ तीन मित्रांसह घोडागाडीतून हिंडतात आणि पदोपदी फसतात. नोकर ठेवण्याविषयी ते घरमालकिणीशी बोलू लागतात. ती बाई त्यास लग्नाची मागणी समजून त्यांच्या अंगावर मूर्च्छित पडते! पुढे वचनभंगाचा खटला होतो आणि साडेसातशे पौंडांचा दंड बसतो. ‘अन्यायाचा एक पैसाही देणार नाही,’ या हट्टापायी पिकविक फ्लीटच्या तुरुंगात जातात.

श्रोतेहो, माझ्या मते या पुस्तकाचे मर्म त्या तुरुंगात आहे. धन्याला सोडवत नाही म्हणून सॅम स्वतःच्या बापाकडून पंचवीस पौंड कर्जाऊ घेतो आणि त्याच कर्जापायी बापाकडूनच स्वतःला अटक करवितो. ज्या जिंगलने पिकविकना फसविले, तो तेथे अन्नान्नदशेत भेटतो. पिकविक त्याच्या नोकराच्या हाती पैसे ठेवतात. अखेर ती घरमालकीणही वकिलांच्या फीपायी तेथेच येऊन पडते, तेव्हा तिच्या सुटकेसाठी पिकविक आपला हट्ट सोडतात. येथे दुःख लपविलेले नाही. ते लिहिणाऱ्याला चांगले ठाऊक होते. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा हा मुलगा बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर कागद चिकटवीत होता. १८३७ च्या मे महिन्यात त्याची सतरा वर्षांची मेहुणी मेरी होगार्थ अकस्मात वारली, आणि त्या महिन्याचा ‘पिकविक’चा भाग निघालाच नाही. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा लेखणी उचलली.

ग्रंथ मोठा आहे, सत्तावन्न प्रकरणांचा. पण क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. मधूनमधून पेरलेल्या वेड्यांच्या व भुतांच्या कथा खुशाल गाळाव्यात. खिन्न माणसाला त्या बाधतात. दहाव्या प्रकरणापासून, म्हणजे सॅमच्या भेटीपासून, आरंभ करावा. मग विसावे घ्यावेत ते डिंग्ली डेलच्या नाताळात. तेथे पिकविकसाहेब गोठलेल्या तळ्यावर पोरांसारखे घसरत असतात, बर्फ तडकतो, आणि पृष्ठभागावर उरते ती केवळ त्यांची टोपी, हातमोजे आणि रुमाल.