गाडी निजून बघावी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



जुनी जीप किंवा जुनी फियाट विकत घ्यायला निघालेला माणूस आधी काय बघतो? रंग बघतो. मग बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, दारं दोनदा आपटतो, सीटवर बसून हॉर्न वाजवतो आणि समाधानाने मान हलवतो. गाडीच्या खाली मात्र कोणी जात नाही. खाली गेलं की शर्ट मळतो. आज मला बोलायचं आहे ते या मळणाऱ्या शर्टाबद्दल.

तुम्ही म्हणाल, हा कविता लिहिणारा माणूस, याला गाडीतलं काय कळतं? खरं आहे. मी कला शाखेचा पदवीधर, गाडीचं शास्त्र कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही. पण मी फोंडाघाटचा. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. देवगड-निपाणी रस्ता आमच्या दारावरून जातो आणि घाट चढून दाजीपूर, राधानगरी करीत कोल्हापूरकडे निघतो. खालून आंबा आणि मासळी वर जाते, वरून गूळ आणि भाजी खाली येते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या तापलेल्या ब्रेकचा वास आम्हाला लहानपणी घरात बसून कळायचा. अशा गावात मेस्त्रींच्या गॅरेजात बसून जे कानावर पडलं, तेच तुम्हाला सांगतो.

आमच्या घरी वडिलांची एक जीप होती. उंच बॉनेटची, साठीच्या दशकातली. या जीपचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी मिळून 'महिंद्र अँड महंमद' नावाची कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ साली कंपनीचं नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली ती याच कंपनीने. देशाची चासी मधोमध कापली गेली, पण गाडी चालत राहिली, असं मी कधी कधी म्हणतो.

आता ही चासी म्हणजे काय? जुन्या जीपला खाली लोखंडी शिडीसारखा सांगाडा असतो. दोन लांब उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. त्यावर वरचा पत्र्याचा डबा बोल्टांनी बसवलेला आणि खाली चारही चाकांना पाटे टांगलेले. पाटा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. तिचं एक टोक चासीला पक्कं, दुसरं शॅकल नावाच्या झुलत्या कडीत. खड्डा आला की कमान सपाट होते, शॅकल झुलतं आणि धक्का पोटात घेतला जातो. फियाट आणि अँबॅसॅडर यांना अशी वेगळी शिडी नाही. त्यांचा पत्रा हाच त्यांचा सांगाडा. दाराच्या खालची जी पेटी आपण पायरी समजून पाय ठेवतो, ती त्यांची हाडं. म्हणून या गाड्या सडल्या की पायऱ्यांपासून सडतात, आणि वरून रंग मारला की काही दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची जीप चालकाच्या बाजूला मागे झुकू लागली. दोन बोटं खाली. पुतण्याने ती शहरातल्या एका गॅरेजात नेली. तिथे सांगितलं, पाटा बसलाय. नवीन पाटा टाकला, गाडी सरळ झाली. पावसाळा गेला आणि दिवाळीला गाडी पुन्हा दोन बोटं खाली.

मग आमचे मेस्त्री आले. त्यांनी गाडी आधी धुवायला लावली, आणि धुणं वरून नव्हे, खालून. याचं कारण खास आपल्या कोकणातलं आहे. आपला जांभा दगड आणि त्याची माती लाल, कारण त्यात लोखंडाचा ऑक्साइड आहे. गंज म्हणजेही लोखंडाचा ऑक्साइडच. दोन्ही एकाच घराण्यातले. त्यामुळे चासीवर माती बसलीय की चासीचीच माती होतेय, हे न धुता ओळखता येत नाही. गाडी सुकली, सपाट जागी उभी केली, चारही चाकांत सारखी हवा भरली. हवा कमी असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतात.

त्यानंतर मेस्त्रींनी खिशातून काढली ती साधी दोरी. पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून मागच्या डोळ्यापर्यंत ती ताणली आणि दोरीपासून पाट्याच्या मधल्या भागापर्यंतचं अंतर मोजलं. ही झाली कमानीची खोली. डावीकडे जेवढी, उजवीकडेही तेवढीच भरली. मग त्यांनी दुसरं माप घेतलं, धुऱ्यापासून चासीपर्यंतचं. ते मात्र उजवीकडे कमी भरलं. मेस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "पाटो बरो आसा भाई. चासी गेली हा."

हा हिशोब नीट ध्यानात घ्या, कारण यातच सगळं आहे. गाडी झुकते याची कारणं तीन. कमानीची खोलीच कमी भरली तर पाटा बसलाय, तो बदला. कमान सारखी, पण धुऱ्यापासून चासीचं अंतर कमी, तर पाटा जिथे टांगलाय ती जागा सडून वर सरकली आहे. आणि ही दोन्ही मापं सारखी, तरी वरचा डबा तिरका, तर डबा ज्या आधारांवर बसतो ते आधार कुजलेत. गाडी बाहेरून बघितली तर तिन्ही वेळा सारखीच झुकलेली दिसते. नुसत्या नजरेने निदान केलं की बिचारा पाटा उगीच बदलला जातो.

आवाजाचंही तसंच. गाडी सुटताना किंवा थांबताना एकदाच 'कट' असं वाजलं तर शॅकलचे बुश झिजले असतील किंवा यू-बोल्ट सैल असेल. पहार घालून शॅकल हलवून बघावं. सावकाश खड्ड्यातून जाताना किरकिर आली तर पाट्यांच्या पट्ट्या कोरड्या पडल्यात. गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालत असेल तर पाट्याचा मधला सेंटर बोल्ट तुटून धुरा सरकलेला असू शकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत फीत लावली की उलगडा होतो. कोपरा दाबून सोडला आणि गाडी दोन-तीनदा डोलत राहिली तर शॉकअप गेलेत, असं म्हणतात. फियाटला ते ठीक. जीपच्या पाट्यांत मात्र पट्ट्यांचं आपसातलं घर्षणच डोलणं थांबवतं, त्यामुळे मेलेला शॉकअपही जिवंत वाटतो. त्याचं खालचं टोक सोडून हाताने ओढून बघावं. ओढताना हाताला विरोध झाला नाही तर तो गेला.

आता गंजाकडे येऊ. गंज बाहेरून आत जातो असं आपण समजतो. चासीचा गंज बऱ्याचदा आतून बाहेर येतो. पट्टी जिथे बंद पेटीसारखी केलेली असते, जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात, जिथे पाट्याचा ब्रॅकेट रिव्हेट केलेला असतो, तिथे चिखल आत शिरतो. पाणी निघायला ठेवलेली भोकं त्याने बुजतात आणि आत ओल राहते. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की गंजाला जोर चढतो, आणि आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ तो त्याच्या वरच. त्यात मीठ पडलं की पाहायला नको. किनाऱ्यावरची खारी हवा तर आहेच. ज्या गाडीने कधी मासळी वाहिली असेल, तिच्या चासीत वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी महिनोन् महिने ठिबकलेलं असतं. म्हणून जुनी गाडी घेताना तिने आयुष्यभर काय वाहिलं, हे जरूर विचारावं.

आपलीच गाडी अशी, असंही समजू नका. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे टोयोटासारख्या कंपनीच्या पिकअप गाड्यांच्या चासी सडल्याबद्दल खटला झाला आणि २०१६ साली सुमारे १५ लाख गाड्यांची तपासणी करून सडलेल्या चासी बदलून देण्याचा समझोता कंपनीला करावा लागला. मीठ समुद्राचं असो की पोत्यातलं, लोखंडाला फरक पडत नाही.

चासी तपासायला मेस्त्रींनी वापरली ती लहान हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर. हातोडीने चासी इंच इंच ठोकत जायचं. चांगलं लोखंड 'टण्' असं स्वच्छ बोलतं. सडलेलं 'थप्प' म्हणतं. या कामात मात्र माझ्या कवितेचा उपयोग झाला. ओळीत एक मात्रा कमी पडली की कानाला खटकतं, तसं मागच्या उजव्या ब्रॅकेटच्या वर आलो आणि मलाही ऐकू आलं. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. तो पापडात जावा तसा आत गेला. बाहेरचा रंग शाबूत होता. फक्त रिव्हेटांच्या आजूबाजूला पत्रा किंचित फुगलेला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो पत्रे एकमेकांपासून ढकलतो. असा फुगवटा दिसला की आत काहीतरी शिजतंय, हे ओळखावं.

हे सापडलं त्याच आठवड्यात गाडीला गिऱ्हाईक आलं. कोल्हापूरचे गृहस्थ, जुन्या गाड्यांचे शौकीन. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देणारा नियम २०२१ साली आला, तशी नोंदणी त्यांना करायची होती. भाव त्यांनी चांगला सांगितला होता. पुतण्याला पैशांची निकड होती, त्याच्या बहिणीची कॉलेजची फी भरायची होती. मधल्या दलालाने सल्ला दिला, भोकात पुट्टी भरा, वरून काळा डांबरी रंग मारा, एका दुपारचं काम आहे. गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी दोन मुलांना बसवून घाट चढणार होतं.

घरात वाद झाला. पुतण्या म्हणाला, चाचा, घेणाऱ्याने बघून घ्यावं, आपण काय खोटं बोलतोय? त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. बाजाराची रीत तीच आहे. मी त्याला घाटातली एक गोष्ट फक्त आठवण करून दिली. वळणावर गाडीचं सगळं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. घाट चढताना ते मागच्या पाट्यांवरही येतं. म्हणजे चासीच्या त्या भोकावर जास्तीत जास्त भार नेमका तिथे येणार, जिथे एका बाजूला दरी आहे. तो उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आला आणि अंगणात गोणपाट अंथरू लागला.

गिऱ्हाईक आलं तेव्हा मेस्त्री म्हणाले, "साहेबांनू, गाडी उभ्यान बघूची नसता, निजान बघूची आसता." गृहस्थ पांढऱ्या शर्टात होते. क्षणभर घुटमळले आणि गोणपाटावर आडवे झाले. पुतण्यानेच बॅटरी धरली, त्यानेच स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. खालून आवाज आला, "आवो, असं दाखवून कोन गाडी विकतंय व्हय?"

भाव खाली आला. किती, ते सांगत नाही. फीचा काही भाग मला भरावा लागला, एवढं सांगतो. गाडी त्यांनी घेतली, पण चालवत नेली नाही. आमची जीप घाट चढली ती ट्रकच्या पाठीवर बांधून.

त्यांना मेस्त्रींनी जे सांगितलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल. सडलेल्या भागावर नुसता पत्रा चिकटवू नये. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापावं आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडावा. जोड सरळ उभा न घेता तिरका घ्यावा, म्हणजे भार एका रेषेवर येत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडावी आणि पेट्रोलची टाकी उतरवावी, कारण या जीपची टाकी चालकाच्या सीटखालीच असते. कापण्याआधी चासी सपाट आधारांवर ठेवून कोपऱ्यांची कर्णमापं घ्यावीत, नाहीतर वाकडेपणाच वेल्ड होऊन कायमचा बसतो. चासी नंबर कोरलेला तुकडा कापू नये. आणि व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर चासीत फेरबदल केलेली गाडी नियमात बसत नाही, म्हणून दुरुस्तीआधीच आरटीओत विचारून घ्यावं. जळकं ऑइल चासीवर फासायची आपल्याकडे पद्धत आहे. ते रबराचे बुश खातं आणि जमीन नासवतं. त्यापेक्षा दर पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने धुवावं, बुजलेली भोकं तारेने मोकळी करावीत, गाडी पूर्ण सुकू द्यावी आणि मगच आत मेणासारखं संरक्षक द्रव्य सोडावं.

तुमच्या ओळखीत कोणी जुनी गाडी घ्यायला निघाला असेल, तर त्याला सांगा, खिशात दोरी, फीत, लहान हातोडी आणि बॅटरी ठेव. जिचं अंग जुनं आणि पोट मात्र नव्या काळ्या रंगाने चकचकीत, तिच्याजवळ जरा जास्त वेळ थांब. आणि जाताना जुना शर्ट घालून जा.